द्राक्षबागायतदारांचा गट: खबर वेळेवर न पोहोचवणाऱ्या सेवेवर थांबायचं का?

मांडववेल (तासगाव), मंगळवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं गेल्या हंगामापासून मनात होतं. आता छाटण्या सुरू झाल्यात आणि पुन्हा तेच चालू झालंय, म्हणून लिहितेच.

समाजमाध्यमावर आमचा द्राक्षबागायतदारांचा गट आहे. सेवेचं नाव मुद्दाम घेत नाही. मला कंपनीशी भांडायचं नाही, गटाचं काय करायचं ते ठरवायचंय. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज, तिकडे निफाड, दिंडोरी, शिवाय पंढरपूर, बार्शी, इंदापूर आणि खाली विजापूरकडची माणसं त्यात आहेत. मी आणि आणखी तिघं मिळून तो सांभाळतो.

गेल्या वर्षी परतीचा पाऊस लांबला तेव्हाची गोष्ट. पलूसकडच्या एका भावानं दिवस उजाडताच पानाचा फोटो टाकला. वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. डाऊनी. त्याची बाग फुलोऱ्यात होती. खाली लिहिलं होतं, "रात्रभर पान ओलं होतं, आजूबाजूच्यांनी आत्ताच बागेत जाऊन बघा." द्राक्षाची माहिती नसलेल्यांसाठी सांगते. डाऊनी हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग, त्याची लागण झाल्यावर डाग दिसायला काही दिवस जातात. म्हणजे एकाच्या बागेत डाग दिसला तेव्हा शेजारच्या बागेत रोग आधीच शिरलेला असू शकतो. फुलोऱ्यात तो घडावर गेला की घड सुकतो, कुजतो. मग कितीही महागाचं औषध मारा, गेलेला घड परत येत नाही. अशी खबर सकाळची सकाळीच पोहोचायला हवी. आमच्या गावातल्या बहुतेकांना ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसली. मधल्या काळात त्याच लोकांना कुणाच्या लग्नाचे फोटो, ट्रॅक्टरची जाहिरात आणि मागच्या कुठल्या तरी वर्षीचे बेदाण्याचे दर दिसत होते.

हे एकदा झालं असतं तर बोलले नसते. संध्याकाळी सात ते नऊ, माणूस बागेतून येतो, हातपाय धुतो आणि फोन हातात घेतो, नेमका तेव्हाच फोटो चढत नाही. गोल फिरत राहतं. चढला तर दोनदा चढतो. औषधाचं नाव लिहिलं की पोस्ट उडते, वर "घातक पदार्थांची विक्री" असा शेरा येतो. आम्ही काही विकत नाही हो. द्राक्षवाल्यांच्या गटात मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकाचं नाव घ्यायचं नाही तर कशाचं घ्यायचं? आमच्या चौघांपैकी एकाचं खातं अचानक बंद झालं. दाद मागितली तर यंत्राचं ठरावीक उत्तर येतं, माणूस बोलतच नाही.

सोडून जावं असं म्हणणारे गटात बरेच आहेत. मला ते जमत नाही, त्याचं कारणही सांगते. गेल्या दोन-तीन वर्षांत गटात बायका बोलायला लागल्यात. विरळणीला (घडातले जादा मणी काढायला), डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) बायकाच असतात, घड सगळ्यात जवळून त्याच बघतात. मणी तडकायला लागलाय की नुसता डाग आहे हे त्यांच्या आधी कुणाला कळत नाही. कुठल्याच चर्चासत्रात कधी तोंड न उघडलेली बाई गटात फोटो टाकून विचारते, "हे करपा हाय का दुसरं काय?" आणि तिला चार जणी उत्तर देतात. नव्या ठिकाणी ही उठबस पुन्हा जमवायला किती काळ लागेल कोण जाणे.

दुसरं म्हणजे फोटो. छाटणीपासून कितव्या दिवशी बाग कशी दिसते, पोंगा (फुटू लागलेला कोंब), दोडा (फुलण्याआधीचा घड), फुलोरा, मणी सेटिंग (मणी धरणं), जातवार सगळं साठलंय. थॉमसन, माणिक चमन, शरद, सोनाका. तास-ए-गणेश आमच्याच तालुक्यात शेतकऱ्यानं निवडून काढलेली जात, सोनाका सोलापूरकडच्या नान्नजची, तीही शेतकऱ्याचीच. या पिकात शेतकऱ्यानं बघून, टिपून, एकमेकांना सांगून फार काही केलंय. आमच्या गटातलं काम त्याच प्रकारचं आहे असं मी मानते, आणि ते सगळं आज अशा जागी पडलंय जिथं माझी विचारपूससुद्धा कुणी करत नाही.

तर थांबावं की उठावं? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणानं लिहा.

---

निफाडकर (निफाड), मंगळवार, रात्री ९:४८

ताई, थांबायचं. मी तुमच्या गटात आहे, क्वचित लिहितो, वाचतो रोज.

गट हलवला की निम्मे येत नाहीत आणि आलेले बोलत नाहीत. आमच्याकडे कांद्याचा गट असाच हलवला होता. नव्या जागी चार दिवस नमस्कार-चमत्कार झाले, मग शांतता. दर विचारायला माणसं परत जुन्याच जागी. सेवा वाईट आहे हे मान्य, पण माणसं तिथं आहेत. माणसं जिथं, गट तिथं.

---

जुना_ऑर्कुटकर (पुणे), मंगळवार, रात्री १०:१५

निफाडकर, "माणसं जिथं, गट तिथं" हे आम्हीही म्हणायचो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. मराठी माणसांच्या किती कम्युनिटी होत्या तिथं, गावांच्या, शाळांच्या, ट्रेकिंगच्या. थांबायचं की उठायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, सेवाच उठली. नंतर गूगल प्लस, एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरणाऱ्यांसाठी संपलं. डिसेंबर २०२० मध्ये याहू ग्रुप्स. आपल्याकडचं कू तर भारतीय भाषांसाठीच निघालं होतं, मराठीत लिहायची चांगली सोय होती, तेही जुलै २०२४ मध्ये बंद.

याहूनं आधी मुदत दिली होती, सामान उतरवून घ्या म्हणून. ज्यांच्या गटात कुणीतरी जागं होतं त्यांचं वाचलं, बाकीच्यांच्या वर्षानुवर्षांच्या गप्पा गेल्या. मायस्पेसनं तेवढीही संधी दिली नाही. सर्व्हर बदलताना जुनं संगीत, फोटो, व्हिडिओ गेले आणि २०१९ मध्ये कंपनीनं कळवलं की ते परत मिळणार नाहीत. २००३ पासून लोकांनी चढवलेली गाणी होती ती.

थांबा किंवा उठा, पण ते पोंग्यापासूनचे फोटो आधी उतरवून घ्या. आज रात्रीच सुरुवात करा.

---

वाचनमात्र_विटा, मंगळवार, रात्री १०:३०

फोटोंच्या मुद्द्याला अनुमोदन. वाचतोय.

---

सर्व्हरवाला (हिंजवडी), मंगळवार, रात्री ११:०५

मी याच क्षेत्रात काम करतो (तुमच्या सेवेत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मांडववेलताई, तुमच्या दुखण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. सेवा अडखळणं ही एक, आणि सेवा धडधाकट असताना खबर उशिरा दिसणं ही दुसरी. लोक पहिलीवर चिडतात. घात दुसरी करते.

अडखळणं किंवा बंद पडणं हे कुणालाच चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ आठवत असेल. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, व्हॉट्सॅप, इन्स्टाग्राम एकदम गेले, ते पहाटेपर्यंत. सुमारे सहा तास, सगळ्या जगात. देखभालीचं काम चालू असताना दिलेल्या एका आज्ञेनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. मग त्यांच्या नावांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी इंटरनेटवरून आपला रस्ता स्वतःच काढून घेतला. कंपनीची आतली साधनंही त्याच जाळ्यावर असल्यानं दुरुस्ती करणाऱ्यांना आत शिरायलाच वेळ लागला. इतका पैसा आणि इतकी माणसं असलेल्यांची ही गत. तेव्हा "कधीच बंद पडणार नाही" अशी जागा शोधू नका, ती नाही.

दुसरी गोष्ट मात्र ठरवून केलेली असते. तुम्हाला काय आधी दिसावं हे वेळेवर ठरत नाही. तुम्ही कशावर थांबाल, कशाला उत्तर द्याल याचा अंदाज यंत्र बांधतं आणि त्याप्रमाणे पोस्टी वरखाली करतं. आता तुमच्या पलूसच्या भावाची पोस्ट बघा. पहाटेची वेळ, सगळे बागायतदार बागेत, उत्तर द्यायला कुणी मोकळं नाही. सुरुवातीला प्रतिसाद नाही म्हणून ती खाली जाते, आणि खाली गेली म्हणून प्रतिसाद मिळत नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खाली हळहळ व्यक्त करतं, मग दहा जण करतात, आणि तेव्हा ती वर येते. नुकसान झाल्यावर. तुमच्या सेवेचं नेमकं गणित मला ठाऊक नाही, पण या जातीच्या सेवा ढोबळमानानं अशाच चालतात. गटात "नवीन आधी" असा क्रम लावायची सोय असेल तर लावून बघा. मात्र बऱ्याच ठिकाणी ती प्रत्येकानं आपल्या फोनवर वेगळी लावावी लागते, आणि पुन्हा पुन्हा.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या प्रश्नाच्या फार जवळचं आहे. न्यूयॉर्कची सार्वजनिक वाहतूक सांभाळणारी संस्था एमटीए कित्येक वर्षं रेल्वे-बसच्या अडचणींच्या सूचना ट्विटरवर देत होती. ट्विटर विकलं गेल्यावर यंत्रांनी आपोआप पोस्ट टाकण्याची फुकट सोय बंद करायचं ठरलं, मध्येच सूचना जायच्या थांबल्या. एप्रिल २०२३ मध्ये एमटीएनं जाहीर केलं की या सेवेच्या भरवशावर प्रवाशांना ताज्या सूचना देणं आता थांबवतो. काही दिवसांत ट्विटरनं सरकारी व सार्वजनिक सेवांसाठी ती सोय पुन्हा फुकट केली आणि एमटीए मे महिन्यात परतली. पण तोवर प्रवाशांना ती आपलं संकेतस्थळ आणि अ‍ॅप दाखवत होती, कारण तिच्याकडे स्वतःचं काहीतरी होतं. त्याच वर्षी १ जुलैला ट्विटरनं दिवसाला किती पोस्टी वाचता येतील यावरच मर्यादा घातली. पैसे न भरणाऱ्यांना सुरुवातीला ६००, नव्या खात्यांना ३००. वादळाच्या दिवशी ती संपली असती तर पुढची सूचना दिसलीच नसती.

डाऊनीची खबर आणि रोजच्या गप्पा एकाच दोरीला बांधू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

निफाडकर, बुधवार, सकाळी ६:५०

सर्व्हरवाले, माहिती चांगली दिलीत, पण न्यूयॉर्कच्या संस्थेकडे पगारी माणसं आहेत. आमच्याकडे मांडववेलताई आणि तिघं आहेत, तीही बाग सांभाळून. स्वतःचं संकेतस्थळ, स्वतःचं अ‍ॅप हे ऐकायला बरं. ते चालवणार कोण, पैसे कोण देणार, आणि आमच्या वडिलांच्या वयाची माणसं ते उघडणार कधी? माझे वडील फोनवर एकच चित्र ओळखतात आणि त्यावर बोट ठेवतात. दुसरं चित्र आलं की फोन माझ्या हातात देतात.

---

आटपाडी_डाळिंब (आटपाडी), बुधवार, सकाळी ८:१०

निफाडकरांच्या बोलण्यात तथ्य आहे, मी सोसलंय ते. डाळिंबात तेल्या (बॅक्टेरियल ब्लाइट) आला की आम्हीही असेच एकमेकांना फोटो पाठवतो. आमचा गट आम्ही रागारागात हलवला. दुसरी सेवा, चकाचक, फोटो पटापट चढायचे, जाहिरात नाही. आले कोण? शिकलेली पोरं, औषधवाले, आणि जे आधीपासूनच सगळीकडे असतात ते. म्हातारी माणसं आली नाहीत. बायका तर जवळजवळ नाहीतच, कारण घरात फोन एक आणि त्यात नवं अ‍ॅप टाकून देणारा मुलगा कोल्हापूरला शिकायला. वर्षभरात तिथंही जाहिराती सुरू झाल्या, आणि गटातली खरी प्रश्न विचारणारी माणसं मात्र हरवली होती.

ताई, तुम्ही बायकांबद्दल लिहिलंत ते वाचून थांबलो. आमच्याकडे गट हलवताना तो विचार कुणीच केला नाही.

---

मांडववेल, बुधवार, दुपारी १:३५

सगळ्यांचे आभार. सकाळी फवारणी होती म्हणून उशीर.

आटपाडीकर भाऊ, हेच भय आहे माझं. आमच्या गटात एक मावशी आहेत, मजुरीला जातात, स्वतःची बाग नाही. दहा बागांमध्ये विरळणी करतात, त्यामुळे दहा बागांमधलं बघतात. गेल्या वर्षी मिलीबग कुठून कुठे सरकतोय हे सगळ्यात आधी त्यांनी सांगितलं. घडाच्या देठाजवळचा कापसासारखा पुंजका दाखवणारा त्यांचा फोटो हललेला आणि अंधुक होता, पण बरोबर होता. अशी माणसं गमावून स्वच्छ, वेगवान जागा मिळाली तर मला ती नको.

सर्व्हरवाले दादा, पोस्ट वर येण्याचं तुम्ही सांगितलंत ते अगदी तसंच घडलं होतं. हळहळ आल्यावरच ती सगळ्यांना दिसली. "नवीन आधी" लावून बघितलं, माझ्या फोनवर राहतं, सासूबाईंच्या फोनवर दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे.

---

रॉटरडॅमवरून, बुधवार, संध्याकाळी ५:५०

मी इथं फळांच्या आयातीत काम करते. भारतातली द्राक्षं युरोपात शिरतात ती मोठ्या प्रमाणात याच बंदरातून, त्यामुळे तुमचा धागा मला परका नाही.

उशिरा दिसणाऱ्या खबरेबद्दल सगळे बोलले, जुन्या खबरेबद्दल कुणी बोललं नाही. मला त्याची जास्त भीती वाटते. २०१० चा हंगाम जुन्या निर्यातदारांना विचारा. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेत सगळे ज्याला सीसीसी म्हणतात, त्याचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. वाढ रोखायला ते वर्षानुवर्षं वापरात होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्यानंतर तपासणीची यादी वाढली, आणि आता कुठलं औषध काढणीआधी किती दिवसांपर्यंत चालतं हे वर्षागणिक बदलतं.

मी मराठी द्राक्षगटांमध्ये असते. पाच-सहा वर्षांपूर्वीची फवारणीची शिफारस अचानक वर येते, खाली शंभर जणांनी हात जोडलेले, तारीख बारीक अक्षरात. आज सकाळी एखाद्या पोरानं ती बघून फवारलं तर? गट कुठंही ठेवा, पण औषधाच्या पोस्टीवर पहिल्याच ओळीत हंगाम लिहायचा नियम करा: "हंगाम अमुक, देशी बाजार की निर्यात". निर्यातीच्या बागांसाठी पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू शिफारशीच धरा, गटातल्या जुन्या नाहीत.

---

निफाडकर, बुधवार, संध्याकाळी ७:२०

हंगाम लिहायचा नियम एकदम पटला. आमच्याकडे निर्यातीच्या बागा जास्त, एका चुकीच्या फवारणीनं वर्षाचं उत्पन्न जातं. हा नियम आजच लावा ताई.

---

निवृत्त_कृषीसेवक (कवठेमहांकाळ), बुधवार, रात्री ८:४०

नोकरीतली बरीच वर्षं द्राक्षपट्ट्यात गेली, म्हणून चार शब्द.

हवामानासाठी गटावर अवलंबून राहूच नये. मेघदूत अ‍ॅप २०१९ पासून आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला त्यात मराठीत येतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी आहे. पावसाचा अंदाज तिथून घ्या, रोगाचा डोळा गटातून.

आणि रोगाच्या खबरेसाठी फोन करा. पोस्ट नव्हे, फोन. आम्ही पूर्वी हेच करायचो. गावात दोन पक्के बागायतदार हेरून ठेवलेले असत. एकाला कळवलं की तो पाच जणांना सांगे, त्यातला प्रत्येक जण पुढच्या पाच जणांना. दूध घालायच्या वेळेपर्यंत गावभर झालेलं असे. डेअरीच्या भिंतीवर फळा होता, त्यावर खडूनं "अमक्या मळ्यात डाऊनी, पाने तपासा" एवढं लिहायचं. ज्याच्याकडे फोन नाही तोही दूध घालायला येतोच.

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं, मुलांच्या अभ्यासासाठी. एका आवाजावर गाव एकत्र वागू शकतं याचा हा पुरावा आहे. ज्या गावात ग्रामपंचायतीचा किंवा देवळाचा स्पीकर आहे तिथं डाऊनीच्या सकाळी तो वापरायला हरकत काय?

---

सर्व्हरवाला, बुधवार, रात्री ९:३०

काका, तुमचा प्रतिसाद माझ्यापेक्षा कामाचा आहे. मी एसएमएस सुचवणार होतो, पण एकगठ्ठा एसएमएस पाठवायला ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे नोंदणी लागते, संदेशाचा मसुदाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. चौघांच्या गटाला ते जड जाईल. फोनची साखळी उद्या सकाळी सुरू होऊ शकते.

फोटोंसाठी: सेवेत "माझी माहिती उतरवून घ्या" अशी सोय असते, पण तिनं बहुधा ज्याचे त्याचेच फोटो मिळतात, गटातल्या इतरांचे नाहीत. त्यामुळे चांगले फोटो टाकणाऱ्यांनी मूळ फोटो थेट तुमच्याकडे पाठवावेत हे उत्तम. एक हार्ड डिस्क घरात, दुसरी दुसऱ्या गावात. फोल्डरला नाव देताना जात, छाटणीची तारीख, कितवा दिवस, गाव. फोटोच्या मालकाला विचारल्याशिवाय कुठंही छापायचं नाही हेही ठरवून टाका.

---

तालुका_कोर्ट (मिरज), बुधवार, रात्री १०:१०

बंद झालेल्या खात्याबद्दल. यंत्राच्या उत्तरावर थांबू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या सेवेला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता त्यांच्याच पानावर खाली कुठंतरी असतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा असतो. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही तर तक्रार अपील समितीकडे जाता येतं, त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. समित्या २०२३ पासून चालू आहेत, अपील ऑनलाइन करायचं, वकील लागत नाही.

तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त लिहा: कुठली पोस्ट, कुठल्या तारखेला काढली, काय शेरा आला, आणि ती विक्रीची पोस्ट कशी नव्हती. स्क्रीनशॉट जोडा. पोस्ट उडाली की तिचा पुरावाही उडतो, म्हणून शेरा दिसताक्षणी स्क्रीनशॉट घ्यायची सवय चौघांनाही लावा.

---

निफाडकर, गुरुवार, सकाळी ७:०५

फोनच्या साखळीला माझी एक हरकत. नंबरांची यादी कुणाकडे राहणार? आमच्याकडे अशी यादी फुटली होती. कुठल्या गावात कुणाची किती बाग, कधी काढणीला येणार, हे ज्याच्या हातात पडेल त्याला बाजारभाव पाडता येतो. परराज्यातले व्यापारी उधारीवर माल उचलून पसार झाल्याचे प्रकार नाशिकला नवे नाहीत. एका वहीत सगळे नंबर नकोत.

---

मांडववेल, गुरुवार, दुपारी २:१५

हरकत रास्त आहे. एका वहीत नकोतच. गावच्या दोघांकडे फक्त त्यांच्या पाच-पाच जणांचे नंबर, माझ्याकडे फक्त गावच्या दोघांचे. क्षेत्र, जात, काढणीची तारीख कुणीच लिहायची नाही.

काल रात्री आम्ही चौघं बोललो (चौथ्याचं खातं बंद असलं तरी तो आमच्यात आहेच). गट आहे तिथंच राहू देतोय. मावशींसारख्या माणसांना मी दुसऱ्या दारात उभं करणार नाही. पण डाऊनीची, गारपिटीची खबर आता तिथं आधी टाकायची नाही. आधी फोन, मग फळा किंवा स्पीकर, आणि शेवटी गटात नोंद म्हणून पोस्ट. औषधाच्या पोस्टीला हंगाम नसेल तर आम्ही ती काढून टाकू आणि टाकणाऱ्याला फोन करून का काढली ते सांगू, यंत्रासारखं नुसता शेरा मारून गप्प बसणार नाही. जुन्या शिफारशीही या महिन्यात एकेक करून काढतोय. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तक्रार आज पाठवली.

फोटोंचं काम सगळ्यात मोठं आहे. माझ्या भाचीनं ते अंगावर घेतलंय. ज्यांनी पोंगा ते काढणी असे सलग फोटो टाकलेत त्यांनी मूळ फोटो पेन ड्राइव्हवर द्या. तासगावला बेदाण्याच्या सौद्याला येता तेव्हा माझ्यापर्यंत पोहोचवलेत तरी चालेल.

---

जुना_ऑर्कुटकर, गुरुवार, दुपारी ३:४०

पुण्यातून एक हार्ड डिस्क माझ्याकडून. दुसरी प्रत ठेवायला जागाही देतो.

---

आटपाडी_डाळिंब, गुरुवार, संध्याकाळी ६:३०

ताई, साखळीचं कसं चाललं ते हंगाम संपल्यावर इथंच लिहा. आम्हाला डाळिंबात तीच करायचीय. आमचा जुना गट अजून तिथंच पडलाय, परत जावं का याचा विचार करतोय.

---

निवृत्त_कृषीसेवक, गुरुवार, रात्री ८:१५

कवठेमहांकाळ तालुक्यातली गावं माझ्याकडे द्या. माणसं ओळखीची आहेत, उद्यापासून फोन लावतो. साखळी खरी चालते का हे पाऊस यायच्या आधी एकदा तपासा. सकाळी सहाला पहिला फोन करा आणि शेवटच्या माणसाला किती वाजता कळलं ते उलट विचारत या. जिथं तुटली तिथला माणूस बदला.

---

मांडववेल, गुरुवार, रात्री ९:०५

काका, फार मोठा आधार झाला. रविवारी सकाळी सहाला तपासणी करूया. पलूस, मिरज आणि कवठेमहांकाळची नावं झाली. आमच्या तालुक्यात मणेराजुरी आणि सावळजला अजून दोघं-दोघं हवेत. या धाग्यावर कुणी तिथले असाल तर मला निरोप टाका, नंबर इथं उघड लिहू नका. दिंडोरीकडचं कोण बघणार, निफाडकर?

---

निफाडकर, गुरुवार, रात्री ९:२०

दिंडोरी आणि निफाड दोन्ही मी बघतो. रविवारी आमच्याकडेही सहालाच पहिला फोन लावतो.